फ्लॅशचा प्रकाश, जागेचा प्रकाश आणि शटर
वाचकांचे प्रश्न

सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते आणि तिच्या पाठोपाठ लग्नसराई येते. त्यामुळे या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत फ्लॅशविषयीचे प्रश्न नेहमीच अधिक असतात. या वेळची पत्रे निरनिराळ्या प्रसंगांची असली तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांत ते गृहीत धरले आहे. नवख्या वाचकांसाठी : शटर म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा अवधी (१/२०० म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग), अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले छिद्र (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता आणि टीटीएल म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यानेच ठरवण्याची पद्धत.

प्रश्न : मी लग्नाची छायाचित्रे काढतो. मंगल कार्यालयात काढलेल्या माझ्या छायाचित्रांत वधूवर उजळ दिसतात, पण मागची सजावट आणि पाहुणे काळोखात बुडून जातात. फ्लॅश टीटीएलवर, शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ ५.६ आणि आयएसओ २०० असे माझे नेहमीचे मोजमाप आहे. एकदा शटर १/१०० करून पाहिले, तेव्हा चेहऱ्यांत काहीच फरक पडला नाही. तेव्हापासून, फ्लॅश असताना शटरचा उपयोग नसतो असे समजून मी ते १/२०० वरच ठेवतो. हे बरोबर आहे का?
– एक विवाह छायाचित्रकार, अक्कलकोट रस्ता

उत्तर : आपले निरीक्षण अगदी अचूक आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच खरा आहे. शटर बदलल्याने चेहऱ्यांत फरक पडला नाही, कारण चेहऱ्यांवरचा जवळजवळ सगळा प्रकाश फ्लॅशचा होता. त्याच वेळी मागच्या सजावटीकडे पाहिले असते, तर ती पूर्वीपेक्षा दुप्पट प्रकाश घेऊन आलेली दिसली असती. ती मुळातच इतकी काळी होती की दुप्पट होऊनही डोळ्यांत भरली नाही, एवढेच.

फ्लॅश लावून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात दोन एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाच्या दोन नोंदी, एकमेकांत मिसळलेली असतात. एक फ्लॅशच्या प्रकाशाचे आणि दुसरे त्या जागेत आधीपासून असलेल्या प्रकाशाचे. नळाच्या बारीक धारेखाली एक बादली ठेवली आहे आणि कोणीतरी येऊन भरलेली घागर तिच्यात एकदम रिकामी केली, असे समजा. बादली धारेखाली जितका वेळ राहील तितके नळाचे पाणी वाढत जाईल. घागरीचे पाणी मात्र जेवढे ओतले तेवढेच राहील, मग बादली तिथे एक मिनिट राहो की पाच मिनिटे. जागेचा प्रकाश ही नळाची धार आहे आणि फ्लॅश ही घागर आहे. हॉट शूवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, बसणाऱ्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवरही साधारण १/२५० ते १/१००० सेकंदच टिकतो आणि ताकद कमी केली तर तो त्याहून कितीतरी आखूड होतो. शटर १/२०० असो, १/५० असो की १/१० असो, हा झोत त्या अवधीत पूर्णपणे सामावतो आणि शटर आणखी उघडे ठेवल्याने त्यात भर पडत नाही. टीटीएलमध्ये कॅमेरा फ्लॅशची ताकद स्वतःच जुळवून घेतो, हे एक वेगळे कारण आपल्या बाबतीत होतेच. पण फ्लॅश मॅन्युअलवर ठेवूनही चेहरे तसेच आले असते.

अ‍ॅपर्चर आणि आयएसओ या दोन गोष्टी फ्लॅशचा आणि जागेचा असा दोन्ही प्रकाश सारख्याच प्रमाणात वाढवतात किंवा घटवतात. फ्लॅशची ताकद आणि फ्लॅशचे अंतर यांचा परिणाम फक्त फ्लॅशवर होतो. केवळ जागेच्या प्रकाशावर चालणारी एकच चावी आपल्या हातात असते आणि ती शटरची. फ्लॅश असताना शटरचा उपयोग नसतो असे नसून, दोन प्रकाशांपैकी एकाला हात न लावता दुसरा कमीजास्त करण्याचे काम कॅमेऱ्यावर फक्त शटरच करू शकते. ही गोष्ट मनात पक्की बसली की बाकीचे सगळे तिच्यातून आपोआप निघते.

आता आपल्या मंगल कार्यालयाकडे वळू. चांगली रोषणाई असलेल्या सभागृहात एफ ४, आयएसओ ८०० आणि शटर १/५० या मोजमापाला जागेचा प्रकाश साधारण ठीक येतो. आपले नेहमीचे मोजमाप याच्याशी ताडून पाहा. (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे.) आयएसओ २०० म्हणजे दोन स्टॉप कमी, एफ ५.६ म्हणजे आणखी एक स्टॉप कमी आणि १/२०० म्हणजे पुन्हा दोन स्टॉप कमी. एकूण पाच स्टॉप. म्हणजे सजावटीला लागणाऱ्या प्रकाशाचा बत्तिसावा भाग आपण आत येऊ देत होता. सजावट काळी आली यात फ्लॅशचा काहीच दोष नाही, कारण तिच्यापर्यंत पोहोचणे त्याला शक्यच नव्हते. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश चौथाई होतो. वधूवर दोन मीटरवर आणि सजावट सहा मीटरवर असेल, तर तिथे नववा भागच पोहोचतो.

म्हणून कामाचा क्रम उलटा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. प्रथम फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा मॅन्युअल मोडवर घेऊन नुसत्या सभागृहाचे एक छायाचित्र काढावे आणि ते मीटरच्या मापापेक्षा एक ते दीड स्टॉप काळसर येईल असे शटर ठरवावे. वरच्या मोजमापाला शटर १/१०० केले तर एक स्टॉप कमी होतो. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते. त्या छायाचित्रात माणसे थोडी अंधारी दिसली तरी जागा ओळखू आली पाहिजे. मग फ्लॅश सुरू करावा आणि त्याला फक्त माणसांचे काम द्यावे. फ्लॅश प्रथम आणि जागा नंतर, असे केले की जागा हरवते. जागा प्रथम आणि फ्लॅश नंतर, असे केले की दोन्ही हाती लागतात.

याचा आणखी एक फायदा आहे आणि तो दिवसभर काम करणाऱ्याला चांगलाच जाणवतो. आयएसओ दोन स्टॉप वाढवला आणि अ‍ॅपर्चर एक स्टॉप उघडले, तर चेहऱ्यांसाठी फ्लॅशला पूर्वीच्या आठव्या भागाएवढीच ताकद लागते. बॅटरी जास्त टिकते, फ्लॅश तापत नाही आणि पुन्हा भरायला वेळ लागत नाही. अक्षता पडण्याचा क्षण फ्लॅश भरायची वाट पाहत थांबत नाही, हे आपल्याला सांगायला नकोच.

ही काळी पार्श्वभूमी मला केवळ तांत्रिक उणीव वाटत नाही. सोलापुरात मराठी, कानडी आणि तेलुगू घरांतली लग्ने होतात. प्रत्येक घराच्या मांडवाची रीत वेगळी, फुलांची मांडणी वेगळी आणि मुठीत अक्षता घेऊन मागे उभ्या असलेल्या बायकांची लुगडीही वेगळी. वीस वर्षांनी ते अल्बम उघडणारी मुलगी आधी आपल्या आजीला शोधणार आहे आणि ती आजी मागच्या रांगेतच उभी होती.

प्रश्न : सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भर दुपारी मैत्रिणीचे छायाचित्र काढत होते. मागे देऊळ घ्यायचे होते आणि पार्श्वभूमी धूसर हवी होती, म्हणून अ‍ॅपर्चर २.८ ठेवले. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला की शटर १/२०० च्या पुढे जात नव्हते आणि छायाचित्र पांढरे पडत होते. मग ट्रिगर (फ्लॅशला दुरून चमकवणारे उपकरण) लावून फ्लॅश बाजूला ठेवला आणि शटर १/१००० केले, तर फ्लॅशचा प्रकाश चौकटीच्या एका पट्ट्यावरच आला, बाकीच्या भागावर आलाच नाही. चूक कोठे झाली?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : आपण ज्या भिंतीला धडकलात तिला सिंक स्पीड म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर शटरचे दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि सेन्सर उघडा पडतो. दुसरा त्याच्यामागून येऊन तो झाकतो. शटर जसजसे जलद करावे तसतसा दुसरा पडदा लवकर निघतो आणि एका मर्यादेपुढे असे होते, की पहिला पडदा पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा निघालेला असतो. तेव्हा संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी उघडा कधीच नसतो. दोन पडद्यांमधली एक फट तेवढी त्याच्यावरून सरकत जाते. फ्लॅश क्षणभरच चमकतो, त्यामुळे त्या क्षणी फट जेथे असेल तेवढाच पट्टा फ्लॅशने उजळतो आणि बाकीचा भाग फ्लॅशविना राहतो. संपूर्ण सेन्सर उघडा राहू शकेल असे सर्वांत जलद शटर म्हणजे सिंक स्पीड. आजच्या कॅमेऱ्यांत तो बहुधा १/१६० ते १/२५० असतो. कॅमेऱ्यावर बसवलेला त्याच कंपनीचा फ्लॅश कॅमेऱ्याला आपली ओळख देतो, म्हणून कॅमेऱ्याने आपल्याला १/२०० वर अडवले. साध्या ट्रिगरची ओळख कॅमेऱ्याला पटत नाही, त्यामुळे त्याने अडवले नाही आणि पट्टा आला.

माझ्या पहिल्या फिल्म कॅमेऱ्याच्या चकतीवर ६० हा आकडा लाल रंगात होता, कारण कापडी पडदे आडवे सरकणाऱ्या त्या कॅमेऱ्यांची मर्यादा १/६० च होती. पुढे चौकटीच्या लांबीऐवजी उंचीच्या दिशेने सरकणारे धातूचे पडदे आले आणि ही मर्यादा वाढत गेली; १९८२ साली निकॉन एफएम२ ने ती १/२०० पर्यंत नेली. भिंगातच शटर असलेल्या कॅमेऱ्यांना ही अडचण फारशी नसते. २०२३ साली जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री या कॅमेऱ्यात संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जात असल्यामुळे ही भिंत जवळजवळ नाहीशीच झाली आहे. मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या हातातल्या कॅमेऱ्यांत ती आहे आणि तिच्यासकट काम करायला शिकावे लागते.

आता दुपारचे गणित पाहू. स्वच्छ उन्हात एफ १६ ला शटर आयएसओच्या आकड्याइतके, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००, असा जुना हिशेब आहे आणि सोलापूरच्या उन्हाला तो पुरेपूर लागू पडतो. त्याच हिशेबाने १/२०० ला एफ ११ येतो. आपण एफ २.८ ठेवलेत, म्हणजे चार स्टॉप जास्त. छायाचित्र पांढरे पडणारच.

यावर हाय स्पीड सिंक हा उपाय बहुतेक जण सुचवतील. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता, फट सेन्सरवरून सरकत असेपर्यंत फार वेगाने लुकलुकत राहतो, त्यामुळे पट्टा येत नाही. पण त्याची किंमत नीट समजून घ्यावी. तो लुकलुकता प्रकाश शटरच्या दृष्टीने सलग प्रकाशासारखा असतो. घागर आता नळ झाली, म्हणून शटर जलद केले की ऊन घटते तसा फ्लॅशही घटतो. शिवाय या पद्धतीत शिरतानाच साधारण दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक ताकद जाते. आपल्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचे माप, म्हणजे अंतर गुणिले एफचा आकडा) ३६ मीटर असेल, तर आयएसओ १००, १/२०० आणि एफ ११ ला तो पूर्ण ताकदीवर उन्हाच्या बरोबरीचा प्रकाश सुमारे सव्वातीन मीटरपर्यंत देतो. हाय स्पीड सिंकवर एफ २.८ आणि १/३२०० घेतले, तर तेच अंतर निम्म्यावर, दीड मीटरच्या आसपास येते. समोर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावल्यास ते आणखी आखडते.

दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी राखाडी काच) लावावा आणि शटर १/२०० वरच ठेवावे. फिल्टर दोन्ही प्रकाश सारखेच अडवतो आणि एफ २.८ दोन्ही प्रकाश सारखेच वाढवतो, त्यामुळे फ्लॅशचे अंतर पूर्वीचेच राहते आणि देऊळही धूसर होते. फक्त फिल्टर लावण्याआधी फोकस साधून घेतलेला बरा.

आणि हे सगळे करण्याआधी मैत्रिणीला सूर्याकडे पाठ करून उभे करावे. समोरून ऊन घेतल्याने डोळे बारीक होतात आणि डोळ्यांखाली सावल्या पडतात; पाठीवर ऊन घेतले तर चेहरा सारख्या सावलीत येतो आणि फ्लॅशला तेवढा चेहराच भरून काढायचा राहतो. उन्हाच्या बरोबरीचा प्रकाश तिथे नको. एक ते दीड स्टॉप कमी ठेवला तर फ्लॅश लावल्याचे जाणवतही नाही.

प्रश्न : गड्डा यात्रेत रात्रीच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीची छायाचित्रे काढली. पार्श्वभूमी यावी म्हणून शटर १/८ ठेवले. रोषणाई छान आली, पण माणसांच्या कडांना भुतासारखी सावली दिसते आणि दिव्यांच्या रेघा माणसांच्या पुढे धावताना दिसतात. शिवाय पांढरी बाराबंदी राखाडी येते.
– यात्रेकरू वाचक, बाळीवेस

उत्तर : तीन तक्रारींची तीन निरनिराळी कारणे आहेत.

शटर उघडे असलेल्या त्या अष्टमांश सेकंदात फ्लॅशने माणसाची एक स्पष्ट प्रतिमा उमटवली, पण रस्त्यावरच्या दिव्यांचा प्रकाशही त्याच माणसावर पडत होता आणि माणूस चालत होता. त्यामुळे स्पष्ट प्रतिमेभोवती दुसरी हललेली प्रतिमा उमटली. माणसावर पडणारा रस्त्याचा प्रकाश फ्लॅशपेक्षा दोन-तीन स्टॉप कमी असेल तर ही दुसरी प्रतिमा नजरेत येत नाही. दोन्ही प्रकाश बरोबरीचे झाले की ती ठळक होते. म्हणून मिरवणूक दुकानांच्या झगझगीत दिव्यांसमोरून जात असेल तेव्हा शटर १/३० किंवा १/६० करावे आणि अंधाऱ्या भागातून जात असेल तेव्हाच १/८ पर्यंत उतरावे. जागा पावला-पावलाला बदलते, म्हणून शटरवरचे बोटही स्थिर राहता कामा नये.

रेघा पुढे धावतात, कारण कॅमेऱ्याची नेहमीची पद्धत शटर उघडताच फ्लॅश चमकवण्याची असते. आधी स्पष्ट प्रतिमा, मग तिच्यापुढे हालचालीची रेघ. त्यामुळे माणूस मागे चालल्याचा भास होतो. मेन्यूत दुसऱ्या पडद्याचा सिंक निवडला, की शटर बंद होण्याच्या किंचित आधी फ्लॅश चमकतो आणि रेघ माणसाच्या मागे राहते. मात्र १/६० किंवा त्याहून जलद शटरला हा फरक दिसत नाही आणि मंद शटरला नेमका कोणता क्षण पकडला जाईल याचा अंदाज अवघड होतो. चेहऱ्यावरचा भाव महत्त्वाचा असेल तर मी पहिल्या पडद्यावरच राहतो.

बाराबंदीचे कारण शटरमध्ये नाही. टीटीएल फ्लॅश आधी एक हलका झोत टाकून परत आलेला प्रकाश मोजतो. चौकटभर पांढरे कपडे असले की पुष्कळ प्रकाश परत येतो आणि फ्लॅश स्वतःला आवरतो. फ्लॅशची भरपाई, म्हणजे टीटीएलने ठरवलेली ताकद कमीजास्त करण्याची सोय, दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवावी. उलट, एकच माणूस आणि भोवती काळे आकाश असेल, तर फ्लॅश वाजवीपेक्षा जास्त चमकतो. तेव्हा तीच भरपाई उणे करावी.

एक विनंती इथेच करावीशी वाटते. उंच नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष तोल सांभाळण्यात असते. समोरून, जवळून त्याच्या डोळ्यांत थेट फ्लॅश मारणे धोक्याचे आहे. बाजूने काढावे आणि फ्लॅशचे तोंड थोडे वळवावे. कोणतेही छायाचित्र त्या तोलापेक्षा मोठे नाही.

प्रश्न : आमच्या यंत्रमाग कारखान्यात चादरी विणल्या जातात. कामगारांची छायाचित्रे काढताना एक छायाचित्र पिवळट, दुसरे हिरवट, तिसरे अंधारे येते. मोजमाप तर तेच असते. फ्लॅश लावला तर हवेत पांढरे ठिपके दिसतात.
– चादर उत्पादक, एमआयडीसी

उत्तर : आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइट दर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा रंगही थोडा बदलतो. डोळ्याला हे कळत नाही. शटर १/२०० किंवा १/५०० असेल तर त्या एका हेलकाव्याचा कोणता तरी तुकडाच हाती लागतो, कधी प्रखर, कधी मंद. शटर १/१०० ठेवले तर एक पूर्ण हेलकावा आणि १/५० ठेवले तर दोन पूर्ण हेलकावे येतात, म्हणून छायाचित्रे एकसारखी होतात. काही स्वस्त एलईडी दिव्यांनाही हीच खोड असते. कारखान्यात मी १/१०० च्या पुढे सहसा जात नाही.

सुदैवाने हेच मंद शटर मागाच्या छायाचित्राला हवे असते. माग पूर्ण गोठलेला दिसला तर तो बंद पडल्यासारखा वाटतो. १/२५ किंवा १/५० ला धोटा आणि फणी यांची हालचाल पुसट होऊन उमटते आणि फ्लॅश विणकराचा चेहरा व हात स्पष्ट धरून ठेवतो. त्यासाठी फ्लॅशचा प्रकाश चालत्या यंत्रावर कमी आणि माणसावर जास्त पडला पाहिजे. फ्लॅश कॅमेऱ्यापासून काढून माणसाच्या बाजूला, थोडा उंच ठेवावा आणि यंत्राला ट्यूबलाइटवर सोडावे.

फ्लॅश बाजूला नेला की ठिपक्यांचाही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. ते ठिपके म्हणजे हवेत तरंगणारे सुताचे तंतू. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सजवळच्या तंतूंना सर्वांत जास्त उजळतो आणि ते फोकसबाहेर असल्यामुळे गोल ठिपके होऊन दिसतात.

रंगाचे म्हणाल, तर फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हाच्या जवळचा, साधारण ५५०० केल्विनचा असतो आणि जुनी ट्यूब हिरवट असते. शटर मंद केल्याने ट्यूबचा वाटा वाढतो, म्हणून हा विसंवादही वाढतो. फ्लॅशवर फिकट हिरवे जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून दोन्ही प्रकाश एका रंगाचे करावेत आणि मग कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचे रंगांचे मोजमाप) ट्यूबलाइटला जुळवावा. पिवळ्या दिव्यांच्या मांडवात हेच काम नारिंगी जेल करते. चादरीचा रंग ग्राहकाला दाखवायचा असेल, तर मात्र मिश्र प्रकाशाच्या वाटेला जाऊच नये. शटर सिंक स्पीडपर्यंत जलद करून, आयएसओ कमी ठेवून ट्यूबचा प्रकाश जवळजवळ नाहीसा करावा आणि सगळे काम फ्लॅशवर सोपवावे. पहिल्या उत्तरात जो दोष होता, तोच इथे गुण ठरतो.

प्रश्न : अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवतो आणि शटर कॅमेरा) घरात फ्लॅश लावला की कॅमेरा शटर १/६ किंवा १/८ करतो आणि छायाचित्र हलते. कॅमेरा बिघडला आहे का?
– गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : बिघडलेला नाही. या मोडमध्ये अनेक कॅमेरे जागेचा प्रकाश पूर्ण भरून घेण्यासाठी शटर मंद करतात आणि फ्लॅशला केवळ पूरक मानतात. मेन्यूत फ्लॅशच्या वेळचे सर्वांत मंद शटर ठरवण्याची सोय असते. तिथे १/६० निवडावे किंवा सरळ मॅन्युअल मोडवर जावे. लहान मुले खेळत असतील तर १/१२५ बरे.

प्रश्न : मोबाइलच्या फ्लॅशला हे नियम लागू होतात का?
– शालेय विद्यार्थी, होटगी रस्ता

उत्तर : नाही. मोबाइलचा फ्लॅश म्हणजे एक छोटा एलईडी दिवा असतो आणि तो शटर उघडे असेपर्यंत पेटत राहतो. घागर नाही, दोन्ही नळच. शटर बदलले की दोन्ही प्रकाश सारखेच बदलतात, म्हणून शटरने त्यांचे प्रमाण बदलता येत नाही. माणूस दिव्याजवळ आणणे किंवा भोवतालचा एखादा दिवा लावणे हाच तिथला मार्ग आहे.

प्रश्न : यात्रेतल्या शोभेच्या दारूकामासमोर कुटुंबाला उभे करून छायाचित्र काढायचे आहे. गेल्या वर्षी कुटुंब आले तर दारूकाम नाही आणि दारूकाम आले तर कुटुंब काळे, असे झाले.
– एक वाचक, सात रस्ता

उत्तर : ट्रायपॉडशिवाय हे होणार नाही, हे आधी मान्य करावे. आयएसओ १००, एफ ८ आणि शटर दोन ते तीन सेकंद, हे आकाशातल्या फुलोऱ्याचे मोजमाप. इतका वेळ मिळाला की ठिणग्यांच्या संपूर्ण रेघा उमटतात. दारूकाम सुरू होताच कुटुंबाशिवाय एक छायाचित्र काढून हे मोजमाप पक्के करावे. मग कुटुंबाला तीन मीटरवर उभे करावे. एफ ८ ला तीन मीटर म्हणजे २४ एवढा गाइड नंबर लागतो, म्हणून ३६ च्या फ्लॅशची निम्मी ताकद पुरते. फ्लॅश मॅन्युअलवरच ठेवावा, कारण टीटीएल काळ्या आकाशाला फसतो. शटर दोन सेकंद असो की चार, कुटुंब तितकेच उजळ येईल. त्यामुळे दारूकामाच्या झगमगाटाप्रमाणे शटर हवे तसे बदलायला आपण मोकळे आहात.

फ्लॅश पहिल्या पडद्यावर, म्हणजे सुरुवातीलाच चमकू द्यावा आणि तो चमकल्यानंतरही शटर बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत कोणी हलायचे नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवावे. फ्लॅश चमकला की छायाचित्र निघाले असे समजून माणसे मागे वळून आकाशाकडे पाहू लागतात आणि त्यांच्या डोक्यांच्या जागी ठिणग्यांच्या रेघा उमटतात. शेवटची काळजी जागेची. यात्रेतल्या खेळण्यांच्या आणि खाऊच्या दुकानांचे दिवे कुटुंबावर पडत असतील, तर दोन सेकंदांत त्यांचीही हललेली प्रतिमा उमटेल. म्हणून दुकानांच्या रांगेपासून दूर, जिथे चेहरा नुसत्या डोळ्यांना जेमतेम ओळखू येतो अशी अंधारी जागा दारूकाम सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जाऊन निवडावी आणि ट्रायपॉड तिथेच रोवून ठेवावा.